हंगामाबाहेरचा पाहुणा

तीर्थाचे गाव पाहावे ते यात्रा नसताना, असे जाणती माणसे फार पूर्वीपासून सांगत आली आहेत. अलीकडे या सल्ल्याला व्यापारी रूप आले आहे. प्रशांत महासागरातील कंकणद्वीपांपासून आपल्या कोकणकिनाऱ्यापर्यंत सर्वत्र 'ऑफ सीझन'चा महिमा गायिला जातो : भाडे कमी, गर्दी नाही आणि शांतता अमाप. या शेवटच्या वस्तूविषयी आम्हांस थोडे लिहावयाचे आहे. भाडे उतरले तर ते कोणी उतरविले हे आपल्याला ठाऊक असते. शांतता कोणाच्या पदरची मिळाली, हे मात्र आपण विचारीत नाही.

आमच्यापुढे उदाहरण आहे ते परळी वैजनाथचे. बारा ज्योतिर्लिंगांत या क्षेत्राची गणना होते. (झारखंडातील देवघरही हा मान सांगते, त्या वादात शिरण्याचा आम्हांस अधिकार नाही.) टेकडीच्या उतारावरील हे दगडी मंदिर, अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात त्याचा जीर्णोद्धार केला. महाशिवरात्रीला आणि श्रावणातील सोमवारी येथे पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. या क्षेत्राचे वैशिष्ट्य असे की, येथे कोणाही भाविकाला लिंगाला आपल्या हाताने स्पर्श करता येतो. अर्थात यात्रेच्या दिवशी तो स्पर्श निमिषमात्रच. मागची रांग पुढे ढकलीत असते.

आम्ही तेथे गेलो ते डिसेंबरातील एका साध्या मंगळवारी. बाजूला उभे राहून पाहत होतो. एक वृद्ध गृहस्थ आले, लिंगावर तळहात ठेवून बसले आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. "चला, पुढे चला," असे त्यांना कोणीही म्हटले नाही. हंगाम टाळून येण्याच्या बाजूने जे काही बोलता येण्यासारखे आहे, ते सारे आम्हांस त्या तळहातात दिसले. वांद्र्याच्या मोतमाउलीला सप्टेंबरच्या जत्रेत जाणे आणि जुलैतल्या एखाद्या भिजलेल्या दुपारी जाणे यांतील फरक आमच्या वाचकांना सांगायला नको. गर्दीत माणूस समाजाबरोबर प्रार्थना करतो. एकांतात त्याला स्वतःचे ओझे खाली ठेवता येते. दोन्हींची गरज असते. गर्दीला नाक मुरडून एकांताला अधिक शुद्ध मानणारे लोक आम्हांस नेहमीच थोडे संशयास्पद वाटत आले आहेत, हेही येथेच सांगून टाकतो.

पायऱ्यांजवळ बेलफुले विकणाऱ्या एका बाईंना आम्ही सहज म्हटले, "आज निवांत दिसते आहे." त्या म्हणाल्या, "निवांत कशाचं भाऊ? गिऱ्हाईक न्हाई. अन् गावाकडं बी कोन हाय? समदे कारखान्याला गेले."

या उत्तरात दोन हंगाम आहेत. यात्रेचा हंगाम आपल्या ओळखीचा. दुसरा उसाच्या गाळपाचा. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातील गावागावांतून आणि तांड्यातांड्यांतून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात. माणसाची गणती हत्याराच्या नावाने होते. एक दिवस काम चुकले तर तो 'खाडा', आणि खाड्याला दंड. 2019 साली जिल्ह्यात झालेल्या पाहणीत 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, हेही त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले. माणसे परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे मराठवाड्यात फिरायला जो सुखाचा काळ, ती थंडी, नेमका तोच काळ या गावांच्या रिकामपणाचा. बाहेरचा प्रवासी कुलूप लावलेली घरे, ओट्यावर ऊन खात बसलेली म्हातारी माणसे आणि आजीपाशी शाळेसाठी ठेवलेली मुले पाहतो आणि म्हणतो, किती शांत आहे हो हे गाव!

परळीला आणखीही शांतता माहीत आहेत. येथील औष्णिक वीजकेंद्राचे पहिले संच 1971 च्या सुमारास सुरू झाले. 2013 च्या फेब्रुवारीत दुष्काळामुळे पाण्याअभावी सारे केंद्रच बंद ठेवावे लागले. धुरांडी गप्प झाली, हवा निवळली, आणि गावातील कित्येक चुली चिंतेत पडल्या. पुढे 2020 चा श्रावण आला. महामारीमुळे राज्यातील सर्व प्रार्थनास्थळांची दारे बंद होती, ती उघडली 16 नोव्हेंबरला. गर्दी नसलेला श्रावण! हंगाम टाळणाऱ्या प्रवाशाचे स्वप्न त्या वर्षी अक्षरशः पूर्ण झाले होते. ज्यांची वर्षाची कमाई त्या चार-पाच सोमवारांवर अवलंबून असते, त्यांना ते वर्ष कसे गेले असेल?

हाच प्रश्न पृथ्वीच्या दुसऱ्या टोकालाही भेटतो. तुवालू हा प्रशांत महासागरातील नऊ बेटांचा देश. वस्ती सुमारे अकरा हजार, आणि समुद्रसपाटीपासून सर्वांत उंच जागाही जेमतेम साडेचार-पाच मीटर. त्याची राजधानी फुनाफुती हे कंकणद्वीप आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी बांधलेली तेथील धावपट्टी आठवड्यातून थोड्याच विमानांच्या कामी येते. एरवी संध्याकाळी त्यावर मुले चेंडू खेळतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा तेथील वादळांचा काळ. म्हणून प्रवासी कमी, म्हणून शांतता. पण वर्षातील सर्वांत मोठ्या भरत्याही साधारण याच सुमारास, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि समुद्राचे पाणी जमिनीतून वर झिरपून अंगणात साचते. 2015 च्या मार्चमधील 'पॅम' वादळाने या बेटांची मोठी हानी केली. 2023 साली ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार दरवर्षी 280 तुवालूवासीयांना तेथे स्थायिक होण्याची वाट मोकळी झाली आहे. उद्या ते बेट अधिकाधिक शांत होत जाईल. त्या शांततेची जाहिरात करावी का?

पाहुण्याच्या हक्काचा विचार कान्टने 1795 साली आपल्या शाश्वत शांततेवरील निबंधात केला आहे. (हे तत्त्वज्ञ कोनिग्सबर्ग सोडून सहसा कोठे गेले नाहीत, ही गंमत अलाहिदा.) त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : पृथ्वी गोल आणि मर्यादित आहे, माणसे अनंतात पांगू शकत नाहीत, म्हणून परक्याला दुसऱ्याच्या भूमीवर येण्याचा हक्क आहे, मात्र तो भेटीचा हक्क, आतिथ्य वसूल करण्याचा नव्हे. आम्हांस हा भेद मोलाचा वाटतो. परळीला डिसेंबरात जाण्याचा हक्क आम्हांस होता. तेथील शांतता आमच्यासाठी मांडून ठेवलेली आहे, असे समजण्याचा नव्हता.

मग काय, गर्दीतच जावे? तसे आम्ही म्हणत नाही. रिकाम्या दिवशी घेतलेले बेलपान त्या बाईंना यात्रेतल्या दहा पानांहून अधिक उपयोगी पडते, आणि घाई नसल्यामुळेच त्यांनी आम्हांस दुसऱ्या हंगामाची गोष्ट सांगितली, हे मान्य केले पाहिजे. हंगाम टाळणाऱ्याला वेळ मिळतो; तो स्वतःच्या विसाव्यात खर्चायचा की समोरचे कुलूप वाचण्यात, हे त्याच्या हाती असते. हे वाचल्याने कोणाची उचल फिटत नाही, हेही खरे. तरीपण ज्याने ते वाचले, त्याला साखरेचा भाव आणि ऊसतोडीचा दर या बातम्या पूर्वीसारख्या अलिप्तपणे वाचता येत नाहीत, असा निदान आमचा अनुभव आहे.

चैत्र उजाडला की बैलगाड्या आणि ट्रॅक्टर परततात. कुलपे निघतात, घरे सारवली जातात, राहिलेली लग्ने जुळतात, गावोगावच्या जत्रा भरतात, आणि रात्री उशिरापर्यंत अंगणांत माणसांचा आवाज असतो. पारा तेव्हा चाळिशीच्या वर गेलेला असतो, आणि त्या दिवसांत परळीच्या मुलखात फिरायला जा, असे कोणी कोणाला सुचवीत नाही.