सुटलेल्या बाणाचा धनी

सुटलेला बाण आणि उच्चारलेला शब्द माघारी येत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. या म्हणीचा एक सोयीचा अर्थही आपण मनाशी करून ठेवलेला असतो: माघारी येत नाही, तेव्हा आपला त्याच्याशी संबंध संपला. हा अर्थ कितपत खरा, याचा विचार करण्याचा प्रसंग बऱ्हाणपुरात आमच्यावर आला.

आमच्या शेजारची काही कॉलेजातील मुले हौसेने रॉकेटे बनवितात. दिवाळीतील रॉकेट एकदा आकाशात गेले की त्याच्या काडीचीही कोणी चौकशी करीत नाही. या मुलांचे रॉकेट निराळे. पुठ्ठ्याची नळी, हलक्या लाकडाचे पंख आणि वर टोपी. ते उंचीच्या शेवटास पोहोचले की आतील लहानशा स्फोटाने टोपी सुटते, छत्री उघडते आणि ते सावकाश खाली येते. सापडले तर पुन्हा उडविता येते. म्हणजे माघारी येण्यासाठीच घडविलेला हा बाण होय. अडचण वाऱ्याची. छत्री मोठी केली तर रॉकेट अलगद उतरते, पण दूर वाहून जाते. लहान केली तर जवळ पडते, पण आपटते. यास्तव नळीवर आपले नाव आणि फोन नंबर लिहून ठेवण्याचा या हौशी मंडळींत प्रघात आहे.

तापीपलीकडे झैनाबादच्या बाजूस एका पडीक रानातून सोडलेले त्यांचे रॉकेट वाऱ्याने केळीच्या बागेवर गेले आणि दिसेनासे झाले. केळीच्या दाट बागेत दोन हातांपलीकडचे दिसत नाही. मुले न विचारता आत शिरली, संध्याकाळपर्यंत शोधत राहिली, आणि त्या धांदलीत ठिबकच्या नळ्या त्यांच्या पायांखाली तुटल्या. रॉकेट मात्र मिळाले नाही.

तीन दिवसांनी बागेच्या मालकाचाच फोन आला: "पोरांनो, तुमची काहीतरी वस्तू माझ्या केळीत अडकली आहे, घेऊन जा." बोलता बोलता त्याने हेही सांगितले की, कोणीतरी बागेतील नळ्या तुडविल्या आहेत. मुले आमच्याकडे आली. "वकीलकाका, रॉकेट तर हवे, पण नळ्यांचे आमच्यावर येऊ नये, असे काही करता येईल का?"

आम्ही पहिला प्रश्न विचारला तो असा: "तुम्हांला आत शिरताना कोणी पाहिले होते काय?" वीस वर्षांच्या वकिलीने जिभेला लावलेली ही सवय. मुलांचे चेहरे उजळले, आणि त्या उजळण्यानेच आमची आम्हांला लाज वाटली. उद्या या, म्हणून आम्ही त्यांना परत पाठविले.

कायद्याचे म्हणणे पाहू. संक्रांतीला कटलेला पतंग ज्याच्या हाती लागेल त्याचा. उडविणाऱ्याने तो मनाने सोडलेलाच असतो. पण नाव लिहिलेली वस्तू सोडलेली नव्हे, ती हरवलेली. 1872 च्या करार कायद्याच्या 71 व्या कलमाप्रमाणे अशी वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तर राजाने बेवारस धन तीन वर्षे राखून ठेवावे आणि मागावयास येणाऱ्याने त्याचे रूप, संख्या इत्यादी खुणा पटवून द्याव्यात, असे सांगितले आहे. आश्चर्य असे की, अवकाशातून पडलेल्या वस्तूंविषयी 1968 मध्ये राष्ट्रांनी जो करार केला, त्यातही हीच अट आहे: वस्तू परत हवी तर आधी ओळख पटविणारी माहिती द्या.

2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात अनेकांनी आकाशातून जळत जाणारे गोळे पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. चीनच्या एका रॉकेटचा तो अवशेष असावा, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. अशा वेळी कायदा काय म्हणतो? अवकाशात गेलेली वस्तू पृथ्वीवर परत पडली तरी तिची मालकी बदलत नाही, असे 1967 चा करार सांगतो. आणि जमिनीवर तिने केलेल्या नुकसानीची भरपाई सोडणाऱ्या राष्ट्राने, चूक असो वा नसो, दिलीच पाहिजे, असे 1972 चा करार सांगतो. मालकी आणि उत्तरदायित्व ही दोन्ही एकाच नावाने चालतात. एकाचा स्वीकार आणि दुसऱ्याचा इन्कार करता येत नाही.

तथापि कायदा पुराव्यापाशी थांबतो. पुरावा नसेल तेथे काय, या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ नाही. तेथे आम्हांला दशरथाची आठवण झाली. शब्दाच्या अनुरोधाने त्याने अंधारात बाण सोडला. तो कोठे लागला हे पाहणारे तेथे कोणी नव्हते. तो रथ वळवून अयोध्येस निघून गेला असता तर त्यास अडविणारेही कोणी नव्हते. पण तो बाणामागे गेला, श्रावणबाळापाशी पोहोचला आणि पाणी घेऊन त्या अंध मातापित्यांसमोर स्वतः उभा राहिला. त्याने शाप घेतला, पण बाण नाकारला नाही. त्याचा अपराध मोठा होता यात शंका नाही; परंतु त्या रात्री त्याने राजेपण टाकले नाही, हेही खरे.

दुसऱ्या दिवशी मुले आली तेव्हा आम्ही त्यांना एवढेच सांगितले, की रॉकेटवर तुम्ही नाव लिहिले ते वस्तू परत मिळावी म्हणून. पण त्याच नावाने तुम्हांला हाकही मारता येते. आदल्या दिवशीचा आमचा प्रश्न चुकीचा होता, हेही आम्ही कबूल केले आणि त्यांच्याबरोबर बागेत गेलो.

मालकाने सारे ऐकून घेतले, नळ्यांचे पैसे मोजून घेतले आणि रॉकेट मुलांच्या हातात दिले. मग तो म्हणाला, "मला तर वाटले होते, रानडुकरांनी तुडविल्या असतील."

म्हणजे मुले गप्प राहिली असती तर त्यांचे नाव कधीच निघाले नसते. वाटेत त्यांतील एकजण हे बोलूनही गेला. आम्ही त्यास उत्तर दिले नाही, कारण न बोलता थोडे पुढे चालून गेल्यावर तोच म्हणाला, "पण मग हे रॉकेट पुन्हा उडविताना बरे वाटले नसते."