शंभर गायी

ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाची कथा वाचताना मन थबकते ते बळीच्या यूपापाशी नव्हे, तर त्याआधीच्या व्यवहारापाशी: क्षुधेने गांजलेला अजीगर्त ज्येष्ठ पुत्र सोडीत नाही, माता कनिष्ठाला सोडीत नाही, आणि उरलेला मधला, शुनःशेप, शंभर गायींच्या मोबदल्यात राजपुत्र रोहिताच्या हवाली होतो, त्याच्याऐवजी बळी जाण्यासाठी. माणसाला किंमत असते काय, हे तेथे कोणी विचारीत नाही. किती, एवढेच ठरते.

त्या गायींची आठवण मला अमेरिकन फुटबॉलमधील एका सौद्याने करून दिली. तेथील क्वार्टरबॅक हा प्रत्येक चालीचा सूत्रधार असल्यामुळे त्याच्यासाठी संघ आपले भविष्यही गहाण टाकतात. २०२१ साली लॉस एंजेलिस रॅम्सने डेट्रॉइट लायन्सकडून मॅथ्यू स्टॅफर्ड घेतला आणि मोबदल्यात आपला क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, शिवाय महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील पहिल्या फेरीचे दोन हक्क व तिसऱ्या फेरीचा एक हक्क दिला. म्हणजे ज्यांची नावेही अद्याप ठाऊक नव्हती अशी मुले त्या किमतीत जमा धरली गेली. अशा हक्कांचे दरपत्रकही आहे: डॅलस काउबॉईजच्या प्रसिद्ध कोष्टकात पहिल्या निवडीचे मोल ३००० गुण.

विश्वजित् यज्ञात सर्वस्व द्यावयाचे, तर आईबापही द्यावेत काय, या शंकेला मीमांसकांनी उत्तर दिले की ज्यावर आपले स्वामित्व आहे तेच देता येते. अमेरिकन वकीलही हेच सांगेल: हस्तांतर होते ते कराराचे, माणसाचे नव्हे. दस्तऐवजापुरते ते खरे. परंतु करार दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवीत नाही, ते माणसालाच हलवावे लागते. स्टॅफर्डने निदान स्वतःच बदल मागितला होता. गॉफचे काय? त्याच्या भारी वेतनाचे ओझे उतरवून घेण्याचा मोबदलाही त्या हक्कांत मिसळला आहे, असे तेव्हा सर्रास बोलले गेले. अजीगर्ताला गायी मिळाल्या तरी. येथे पुत्र न्यावा म्हणून वर गायी द्याव्या लागल्या!

पुढच्याच हंगामात रॅम्सने अजिंक्यपद जिंकले, तेव्हा त्यांचा हिशेब चुकला असे कोण म्हणेल? मीही म्हणत नाही. त्यांनी मोजली होती ती स्वतःची निकड, आणि ती बिनचूक मोजली. गॉफला मात्र त्यांनी मोजलेच नव्हते. १४ जानेवारी २०२४ रोजी तोच गॉफ डेट्रॉइटच्या मैदानावर रॅम्ससमोर उभा राहिला, प्रेक्षकांनी त्याच्या नावाचा गजर केला, आणि लायन्सने २४-२३ असा, बाद फेरीतील बत्तीस वर्षांतला आपला पहिला विजय मिळविला.

शुनःशेपही पाशमुक्त झाल्यावर विश्वामित्राच्या अंकावर जाऊन बसला. अजीगर्त त्याला परत मागू लागला, त्या गायीही देऊ लागला. पण तो उठला नाही.