दुरुस्तीची उलटतपासणी

१७ जून २०१९ रोजी नेटफ्लिक्सने लिनक्स आणि फ्रीबीएसडीच्या नेटवर्किंग कोडमधल्या चार त्रुटी जाहीर केल्या. त्यांतली सर्वांत गंभीर त्रुटी ‘सॅक पॅनिक’ या नावाने गाजली. कुणीही दूर बसून मुद्दाम रचलेली पॅकेट्स पाठवावीत आणि लिनक्सचा सर्व्हर जागीच कोसळावा, असा तो प्रकार. २००९ मध्ये आलेल्या २.६.२९ या आवृत्तीपासून ती कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, दडून होती. दहा वर्षे ती कुणालाच कशी दिसली नाही, यावर बरीच चर्चा झाली. तिच्यासोबत आलेल्या दुरुस्त्यांचे पुढे काय झाले, याकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही.

मूळ चूक अंकगणिताची होती. पोच मिळेपर्यंत टीसीपीला पाठवलेला डेटा जपून ठेवावा लागतो. मधले एखादे पॅकेट हरवले, तर नेमके काय मिळाले हे समोरचे यंत्र ‘सॅक’ या निवडक पोचेतून कळवते आणि कर्नल पोचलेले तुकडे एकत्र सांधतो. एका बफरमध्ये १७ तुकडे मावतात. इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरवर प्रत्येकी ३२ किलोबाइटपर्यंतचे. हल्लेखोराने पॅकेटची मर्यादा ४८ बाइटवर आणली आणि त्यातले ४० ऑप्शन्समध्ये गेले, की डेटासाठी उरतात ८. म्हणजे एका बफरमध्ये ६९,६३२ पॅकेट्सचा डेटा मावणार. पण ती मोजणारा १६ बिटांचा रकाना ६५,५३५ पर्यंतच जातो. हिशेब जुळत नाही असे दिसताच कर्नल स्वतःला थांबवतो. एरवी बफर भरताना ६४ किलोबाइटच्या आत राहण्याची शिस्त होती; सांधणाऱ्या कोडने ती पाळली नाही.

गुगलच्या एरिक ड्युमाझे यांनी सांधण्यावर मर्यादा घातली आणि ती त्रुटी मिटली. त्याच संचातल्या दुसऱ्या त्रुटीत हल्लेखोर बफरचे बारीक बारीक तुकडे करायला लावून मेमरी फुगवू शकत होता. तिच्यावरचा उपाय एका अटीचा होता: पाठवायच्या रांगेतली मेमरी कनेक्शनसाठी ठरवलेल्या एकूण बफरच्या दुपटीहून जास्त झाली, की तुकडे करायला नकार द्यायचा. वाचायला निर्दोष. पण काही प्रोग्राम स्वतःसाठी हा एकूण बफर मुद्दाम अगदी छोटा मागून घेतात आणि कर्नल लिहिताना मर्यादा तपासतो ती ६४ किलोबाइटच्या टप्प्याने. त्यामुळे हे प्रोग्राम काहीही वावगे न करता ती रेषा ओलांडून बसलेले असत. पॅकेट हरवले, ते पुन्हा पाठवायला बफर तोडावा लागला, की नकार. आणि कनेक्शन अडकून पडायचे. सुक्याबरोबर ओलेही जळाले. २१ जूनला ती अट सुधारावी लागली आणि १९ जुलैला पुन्हा एकदा सैल करावी लागली.

यात ड्युमाझे यांच्या कौशल्यावर शंका घेण्याचे कारण नाही. अडचण परीक्षणाच्या पद्धतीत आहे. दुरुस्ती तपासणाऱ्याच्या मनात हल्लेखोर ठाण मांडून बसलेला असतो. तो अडला का, एवढेच पाहिले जाते. वास्तविक प्रत्येक नवी मर्यादा हा सगळ्यांना लागू होणारा नवा कायदा असतो. त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या जाहीर होईपर्यंत गुप्त ठेवाव्या लागतात. म्हणजे ज्या पॅचला सर्वाधिक डोळ्यांची गरज, त्याच्या वाट्याला सर्वांत कमी डोळे येतात.

कुणी म्हणेल, सर्व्हर पडत असताना एवढा विचार करायला वेळ कुणाला? रास्त आहे. पहिला पॅच लगेच बाहेर पडायलाच हवा होता. परंतु गुप्तता संपली, की त्याच पॅचचे दुसरे, उघड परीक्षण ठरवून व्हायला हवे. आणि त्यात छोटा बफर, हरवलेले पॅकेट, मंद जोडणी अशा निरपराध गिऱ्हाइकांच्या चाचण्या हव्यात. आज हे काम बऱ्याचदा वापरणाऱ्यांच्या तक्रारींवर सोडलेले असते. पॅचखाली संमती म्हणून आपले नाव घालणाऱ्याने ‘हल्ला थांबला का?’ याच्या जोडीला ‘यात नाहक कोण अडकेल?’ हेही विचारावे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर नाव घालू नये.