माजघरातला विद्यार्थी

परदेशातून शिकायला आलेल्या मुलाला वसतिगृहात न ठेवता एखाद्या कुटुंबात ठेवायचे, ही पद्धत विसाव्या शतकात रुजली. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिक वाहून नेणाऱ्या ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ने १९४७ पासून शाळकरी मुलांची देवाणघेवाण सुरू केली. रोटरीच्या योजनेतली मुले वर्षभर राहतात आणि बहुधा दोन-तीन घरे बदलतात. पुण्यात तर अमेरिकी महाविद्यालयांतून आलेले कित्येक विद्यार्थी मराठी घरांत राहूनच मराठी बोलायला लागले. परदेशी माणूस मुक्कामाला आला की चोवीस तासांत सरकारदरबारी कळवावे लागते, व्हिसा तपासावा लागतो. हे नियम विचारले की कळतात. हा मुलगा घरात कोण म्हणून राहणार, हे मात्र कोणत्याही अर्जात लिहिलेले नसते.

मराठीने यासाठी दोन शब्द ठेवले आहेत : पाहुणा आणि घरचा. पाहुण्याला बसवतात, घरच्याला उठवतात. पाहुणा आला की घरातले भांडण थांबते. घरच्याच्या देखत ते चालू राहते, कधी त्याच्यावरच उलटते.

आनंदीबाई जोशींची पदवी आणि त्यांचा अकाली मृत्यू सर्वांना ठाऊक आहे. त्या अमेरिकेत राहिल्या कशा, याकडे कमी लक्ष जाते. जून १८८३ मध्ये, अठराव्या वर्षी, त्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कारपेंटर कुटुंबात उतरल्या. कारपेंटरबाईंना त्या मावशी म्हणत. त्यांनी शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही, आणि मावशींच्या मैत्रिणींना आपल्या हातचे जेवण रांधून वाढले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यांची रक्षा कारपेंटरबाईंकडे गेली आणि त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. पाहुण्याची रक्षा कोणी आपल्या माणसांशेजारी ठेवत नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या, भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावी परदेशी विद्यार्थी ठेवू नयेत, तिथे ‘सोय’ नाही, असे शहरातून सहज म्हटले जाते. त्यात तथ्य आहे तेवढे मान्य करावे. स्वच्छ संडास, प्यायला शुद्ध पाणी, मुलीला आतून कडी लावता येईल अशी खोली, यांत तडजोड नको. पण या गोष्टी आज गावातही होतात. जिल्ह्याची हद्द ओलांडली की जामखेड. आरोळे दांपत्याने १९७० मध्ये तिथे सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात देशोदेशीचे विद्यार्थी याच उन्हात राहून शिकले आहेत. गावात अडचण सोयीची नसते, पाहुणचाराच्या अतिरेकाची असते. परक्या मुलीने आपले ताट घासायला उचलले की घरची बाई ते हातातून ओढून घेते : ‘राहू दे बाई, तू कशाला!’ माया खरी असते, पण ती मुलगी पुन्हा खुर्चीवर जाऊन बसते. भूमकडच्या खव्याच्या भट्टीवर दूध करपू नये म्हणून कढई सतत ढवळावी लागते. ते उलथणे तिच्या हाती दिले, दूध लागले आणि तिला ओरडा बसला, तर त्या दिवशी ती घरची झाली.

इथे थोडे आडवळण घ्यायला हवे, कारण परक्या घरी जेवून शिकण्याची जुनी रीत महाराष्ट्रात होतीच. गरीब विद्यार्थी ‘वार लावून’ जेवत : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यावर कित्येकांची शिक्षणे झाली. हा पूर्वीचा मोठेपणा आठवून परदेशी मुलालाही तसेच आत घ्यावे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण वार मिळे तो प्रामुख्याने ब्राह्मण मुलांना, ब्राह्मण घरांत. बाकीच्या मुलांसाठी उंबरा तिथेच संपत होता. म्हणून भाऊराव पाटलांना १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढावे लागले. सगळ्या जातींची मुले तिथे एका पंगतीला बसली. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यासाठी अंगावरचे दागिने दिले. वसतिगृहापेक्षा घर बरे, हे विधान त्या पंगतीपुढे टिकत नाही. काही घरांपेक्षा ते वसतिगृहच अधिक घर होते.

तेव्हा पाहुणा की घरचा एवढा एकच प्रश्न पुरत नाही. घरचा म्हणजे कोणाच्या घरचा, हेही पाहावे लागते. परदेशी मुलगी पहिल्याच आठवड्यात चुलीपाशी बसून भाकरी थापायला शिकते. त्याच घराच्या शेतावर वर्षानुवर्षे राबणारा गावचाच माणूस ओसरीवर थांबतो आणि पुष्कळ ठिकाणी त्याचा कप अजून वेगळा असतो. तो कप कोणाचा, असे ती विचारणारच, कारण आता ती घरची आहे. म्हणून विद्यार्थी ठेवण्यासाठी कुटुंब निवडताना संडास-बाथरूम पाहावेच, पण स्वयंपाकघरातले फडताळही उघडून पाहावे : एखादा कप बाकीच्यांपासून दूर, कोपऱ्यात पालथा घातलेला आहे का.