यात्रेकरूची थैली

22 फेब्रुवारी 1300 रोजी पोप बोनिफेस आठवे यांनी रोममध्ये पहिले जुबिली वर्ष जाहीर केले. पापांची कबुली देऊन संत पेत्र आणि संत पौल यांच्या बॅसिलिकांना रोज भेट देणाऱ्याला पापदंडाची पूर्ण माफी मिळणार होती. या भेटी रोमच्या रहिवाशांनी 30 दिवस आणि बाहेरगावच्यांनी 15 दिवस द्यायच्या होत्या. अट धर्माची असली, तरी परगावच्या माणसासाठी तिचा अर्थ पंधरा दिवसांचा मुक्काम असा होता. आणि मुक्काम म्हटला की रोजचा खर्च आलाच.

आस्ती गावचा बखरकार गुल्येल्मो व्हेन्तुरा याने त्या वर्षी रोमची यात्रा केली आणि तिथले भाव टिपून ठेवले. भाकरी, दारू, मांस, मासळी आणि घोड्याचे ओट स्वस्त होते; गवत आणि सराया मात्र फार महाग. त्याची खाट आणि घोड्याची बांधणी यांना दाणावैरण सोडून रोज एक ग्रोस, म्हणजे तूर शहराच्या नावाने चालणारे चांदीचे एक नाणे, मोजावे लागले. मोक्षाच्या ओढीने निघालेला माणूस तबेल्याचे भाडे लिहून ठेवतो, यात विसंगती आहे का, हा ख्रिस्ती विचारातला जुना प्रश्न आहे.

प्रश्नाची मुळे शुभवर्तमानांतच आहेत. मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू शिष्यांना उद्याची चिंता न करण्यास सांगतो, तर दहाव्या अध्यायात वाटेसाठी सोने, चांदी किंवा झोळी न घेण्याची आज्ञा देतो. लूकच्या चौदाव्या अध्यायात मात्र बुरूज बांधणारा शहाणा माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, आणि बाविसाव्या अध्यायात तोच येशू शिष्यांना थैली असेल तर ती सोबत घ्यायला सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे येशूच्या मंडळींचीही पैशाची एक थैली होती आणि ती यहूदा इस्कर्योताकडे असे. यहूदा त्या पैशांवर हात मारी, असेही तिथे सांगितले आहे. तरीही थैली ठेवण्याचा प्रघात येशूने मोडला नाही, याकडे संत ऑगस्टीनसारख्या भाष्यकारांनी लक्ष वेधले आहे.

या वचनांचा मेळ घालण्याचा सर्वांत नेटका प्रयत्न थॉमस अक्वायनस याचा आहे. पहिल्या जुबिलीच्या 26 वर्षे आधी, 1274 मध्ये, त्याचे निधन झाले. ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात तो ऐहिक गोष्टींची काळजी सरसकट निषिद्ध मानत नाही. त्याच्या मते ती तीन प्रकारे दूषित होते: ऐहिक वस्तूच अंतिम ध्येय झाली, तिच्यासाठीच्या खटपटीने मन श्रेष्ठ गोष्टींपासून ओढले गेले, किंवा कर्तव्य केल्यास आपल्यालाच कमी पडेल अशी भीती बसली, तर. भविष्याबद्दल तो आणखी एक सूत्र देतो: प्रत्येक काळजीला तिचा काळ असतो. कापणीची काळजी उन्हाळ्यात, द्राक्षे खुडण्याची शरदात. अवेळी केलेली काळजी तेवढी वर्ज्य.

मराठीत हा भेद दोन शब्दांनी सहज दाखवता येतो: तरतूद आणि चिंता. तरतूद ठरलेल्या वेळी होते आणि संपते. चिंतेला वेळ नसते, म्हणून ती संपतही नाही. रोजच्या खर्चाची मर्यादा आधी आखण्याचे नैतिक मोल इथे आहे. हिशेब घरी बसून एकदा झाला आणि रात्री एकदा पडताळला, की मधला दिवस मोकळा राहतो. वेदीपुढे उभे राहून नाणी मोजणाऱ्याची तरतूद कमी पडलेली असते, किंवा तिची चिंता झालेली असते.

याउलट थैलीच टाकून देण्याचा मार्गही आहे. असिसीचा फ्रान्सिस तरुणपणी रोमला आला, तेव्हा संत पेत्राच्या वेदीवर त्याने मूठभर नाणी फेकली आणि एका भिकाऱ्याशी कपडे बदलून दाराशी भीक मागितली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. 1223 च्या नियमावलीत त्याने आपल्या बंधूंना पैसा स्वीकारण्याची मनाई केली. पण आजाऱ्यांची आणि वस्त्रांची सोय स्नेह्यांमार्फत करावी, अशी मुभाही त्याच नियमात आहे. एकाच्या निश्चिंतपणाखाली दुसऱ्या कुणाची तरी तरतूद असते. रोमने ही तरतूद संस्थांच्या रूपाने उभी केली. 1548 मध्ये फिलिप नेरी याने स्थापलेल्या बंधुसंघाने 1550 च्या जुबिलीपासून गरीब यात्रेकरूंना निवारा आणि अन्न दिले. ज्याची थैली रिकामी होती, त्याच्यासाठी ती इतरांनी भरली.

आजच्या रोममध्ये यात्रेकरू आणि पर्यटक यांना वेगळे काढणे कठीण आहे, आणि दोघांच्याही खर्चात तोच प्रश्न नव्या रूपात येतो. काही रकमा ठरलेल्या आहेत. ऑक्टोबर 2023 पासून तीन तारांकित हॉटेलात दर माणशी दर रात्री 6 युरो शहरकर आहे. दोघांच्या पाच रात्रींचे 60 युरो खोलीच्या भाड्याव्यतिरिक्त धरावे लागतात. काही गोष्टी फुकट आहेत: संत पेत्राच्या बॅसिलिकेत प्रवेशाला तिकीट नाही आणि रस्तोरस्तीच्या ‘नासोने’ नावाच्या लोखंडी नळांना पिण्याचे गार पाणी अखंड वाहते. काही खर्च वागण्यावर ठरतात; तीच कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायली तर स्वस्त, टेबलाशी बसून महाग.

पँथिऑनमध्ये हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो. सन 609 मध्ये चर्च म्हणून अर्पण झालेल्या या वास्तूला जुलै 2023 पासून 5 युरो प्रवेशशुल्क आहे. उपासनेसाठी येणाऱ्याला मात्र ते द्यावे लागत नाही. एकाच दारातून एक जण पाहायला जातो आणि एक प्रार्थनेला, आणि फरक हेतूचा धरला जातो. अक्वायनसच्या तीन कसोट्या इथे रोजच्या व्यवहाराला लागतात. पाच युरो वाचवणे हेच ध्येय होऊन घुमटाखाली पाऊल न टाकणे हा पहिला दोष. आत उभे राहून तिकिटाचे पैसे वसूल झाले का याचा विचार करणे हा दुसरा. पुढे कमी पडेल म्हणून दाराशी बसलेल्या गरजूला टाळणे हा तिसरा.

औदार्याची व्याख्या करताना अक्वायनस ॲरिस्टॉटलचा आधार घेतो. उधळेपणा आणि कृपणता यांच्या मधली वाट म्हणजे औदार्य, आणि ते रकमेवर मोजले जात नाही, देणाऱ्याच्या ऐपतीवर मोजले जाते. म्हणून प्रवासाच्या अंदाजपत्रकात दानाचा आकडाही आधीच धरला, तर काटकसर आणि औदार्य यांत भांडण उरत नाही.

खर्चाचे माप ‘दर दिवशी’ असे धरण्यालाही बायबलमध्ये आधार सापडतो. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतली मागणी रोजच्या भाकरीची आहे. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात रानातल्या इस्राएल लोकांना मान्ना त्या त्या दिवसापुरताच गोळा करायचा असतो. साठवलेल्यात किडे पडतात. पण शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितले जाते, आणि तो सडत नाही. पुढच्या दिवसासाठी राखून ठेवणे दोन्ही वेळा तेच आहे, फरक वेळेचा आहे. या अर्थाने व्हेन्तुराची नोंद श्रद्धेला बाधक ठरत नाही: तबेल्याचे भाडे ठरलेले होते, आणि ते चुकते केल्यावर उरलेला दिवस बॅसिलिकांचा होता.