अण्णांची गाडी

घरात एखादी वस्तू दुरुस्तीला काढली की घरातल्या पुरुषमंडळींचे आपोआप दोन वर्ग पडतात. एक, दुरुस्ती करणाऱ्यांचा आणि दुसरा, बॅटरी धरणाऱ्यांचा. मी जन्मानं, शिक्षणानं आणि अनुभवानं दुसऱ्या वर्गातला. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की सैल होतो, हे मला आजही बाटलीच्या झाकणावर करून पाहावं लागतं. आमचे साडू मात्र पहिल्या वर्गातले. आजऱ्याकडच्या एका वाडीवर त्यांचं घर आणि शेती. आणि त्यांच्या घरी बंद पडलेली वस्तू फार दिवस बंद राहत नाही, आणि चालू असलेलीही फार दिवस चालू राहत नाही.

त्यांच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, १९८७ साली महिंद्राची एमएम ५४० जीप घेतली होती. वाडीवर तेवढीच एक गाडी. त्यामुळे ती अण्णांची असली तरी अण्णांच्या वाट्याला फारशी यायची नाही. नवरदेव, आजारी माणूस, बाळंतीण, खताची पोती, गणपती, सगळे त्याच जीपमधून गेले. रात्री-अपरात्री कुणी दार वाजवलं की अण्णा आधी टोपी घालायचे आणि मग 'कोण आहे' म्हणून विचारायचे. अण्णा गेल्यावर जीप गोठ्यामागे उभी राहिली आणि तीत कोंबड्या अंडी घालू लागल्या.

ती तशीच राहिली असती. पण २०२१ साली सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या (हेच यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव) एका कारागिरानं भंगारातल्या सामानातून चारचाकी उभी केली. ती पायानं किक मारून सुरू व्हायची! आनंद महिंद्रांनी जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात त्याला नवी बोलेरो दिली. ही बातमी साडूंनी वाचली आणि त्याच दिवशी कोंबड्यांना जागा खाली करण्याची नोटीस मिळाली.

बेत असा होता : जीपचा मागचा भाग कापायचा, चासी लांब करायची, मागे हौदा बसवायचा आणि गाडी उंच करून चिखलात, ओढ्यात, डोंगरात कुठेही जाईल असा पिकअप करायचा. दर शनिवारी-रविवारी मी तिकडे. "अहो साडू, जरा बॅटरी धरा," असं म्हटलं की मी धरायचो. "तिकडे नको, इकडे," असं म्हटलं की इकडे धरायचो. या पद्धतीनं मी बरंच यंत्रशास्त्र शिकलो.

पहिला धडा पाट्यांचा. या जुन्या जीपचे पाटे अॅक्सलच्या खालून असतात. ते वरून घेतले की गाडी चांगली वीतभर उंच होते. मग मोठे, खोल नक्षीचे टायर बसतात. साडू खूश. पण गाडी उंच झाली की तिचा तोलही वर जातो आणि उतारावर ती कुशीवर वळायला बघते. शिवाय वरच्या गिअरबॉक्सपासून खालच्या अॅक्सलकडे जाणाऱ्या दांड्याचा कोन वाढतो, म्हणून तो दांडा खडखडू लागतो. दुसरा धडा लांबीचा. चासी लांब केल्यामुळे पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर वाढलं. परिणामी बांध ओलांडताना पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि मधलं पोट बांधावर, अशी गाडी म्हशीसारखी बसली. चारही चाकं फिरत होती, पण जमिनीला लागत नव्हती. आमच्या हिच्या मते हे बँकेच्या कामकाजाचं हुबेहूब वर्णन आहे.

मी कायद्याची शंका काढली. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : कंपनीनं ठरवून दिलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाला येईल तसा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं आहे. साडू म्हणाले, "आधी बांधू, मग विचारू." आपल्याकडे घरंदेखील अशीच बांधतात, म्हणून मी गप्प बसलो.

एव्हाना पत्रा नवा झाला होता. इंजिन दुसऱ्या जीपचं आलं होतं. गिअरबॉक्स कोल्हापूरच्या भंगारबाजारातून, सीट एका मोडीत निघालेल्या बसच्या. तरी साडू तिला 'अण्णांची गाडी'च म्हणत. एका शनिवारी मिस्त्रींनी चासीवर हातोडी मारली आणि ती आरपार गेली. चासी गंजून कुजली होती.

"दुसरी चासी मिळते," मिस्त्री म्हणाले. "जुनीवरचा नंबराचा तुकडा कापायचा आणि नवीवर वेल्ड करायचा. ग्राइंडर मारून रंग दिला की ब्रह्मदेवाला कळायचं नाही. कागद तुमचे, नंबर तुमचा, गाडी तुमची."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. "साडू, तुम्ही बँकेतले. तुम्ही सांगा. हिच्यात अण्णांचं आता तेवढंच उरलंय. तेवढा नंबर राहू दे की. कुणाचं काय जातं?"

आता, बी.कॉम.ला आम्हाला ऑडिटिंग होतं, तत्त्वज्ञान नव्हतं. पण मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद मी कधीतरी वाचला होता. राजा म्हणतो, मी रथातून आलो. नागसेन विचारतो, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? शेवटी ठरतं की हे सगळे भाग ज्या रीतीनं एकत्र येतात तिला आपण 'रथ' हे नाव देतो, एवढंच. म्हणजे नागसेनाच्या हिशेबानं अण्णांची गाडी कुठल्याच सुट्या भागात नव्हती, आणि म्हणून नंबराच्या तुकड्यातही नव्हती. पण हे मिस्त्रींपुढे बोलायची मला लाज वाटली. खरं सांगायचं तर माझ्या तोंडाशी "करून टाका" हेच आलं होतं.

ते थांबलं एका पावतीमुळे. आमच्या शाखेत एक पेन्शनर आजोबा येतात. हात कापतो. त्यांनी चार वेळा सही केली तरी नमुन्याशी एकही जुळत नाही. पण आजोबा समोर उभे असतात, ओळखीचे असतात, नव्या सहीचा नमुना घेतो आणि पैसे देतो. उलट एकदा एक पैसे काढायची पावती आली. सही इतकी अचूक की छापल्यासारखी. मी पडताळली, शिक्का मारला. पुढे कळलं की खातेदार त्या तारखेच्या वीस दिवस आधीच वारले होते. मुलानं सही गिरवून गिरवून बसवली होती. रक्कम त्यालाच मिळणार होती, वारसाचे कागद करून, महिन्याभरानं. कुणाचं काय गेलं? तरी ती पावती मला अजून आठवते. सगळं जुळलं होतं. फक्त सही करणारा नव्हता.

बँकेत तुम्ही भरता त्या नोटा तुम्हाला कधीच परत मिळत नाहीत. वेगळ्याच मिळतात. तरी तुम्ही त्यांना 'माझे पैसे' म्हणता, कारण त्यांच्याबद्दल जाब द्यायला कुणीतरी बसलेलं असतं. वस्तू बदलली तरी चालते. जाब बदलून चालत नाही. चासीचा नंबर म्हणजे लोखंड नव्हे, जाब आहे. कुणाला ठोकर बसली, तर ही गाडी कोण, कुणाची, एवढं तो सांगतो. तोच गिरवलेला निघाला, तर मग अण्णांच्या नावाखाली खोटी सही केल्यासारखंच.

हे सगळं मी एवढ्या शिस्तीत बोललो नाही. मी एवढंच म्हणालो, "साडू, अण्णांनी कुणाची सही केली असती का?"

साडू बराच वेळ बोलले नाहीत. मग मिस्त्रींना म्हणाले, "चहा घ्या." दुसऱ्या महिन्यात त्यांनी जुन्या जीपची नोंदणी रद्द करून घेतली, कागद जमा केले, आणि नंबराचा तो तुकडाही कचेरीत देऊन टाकला. दुसऱ्या चासीवर पिकअप पुरा झाला. पण तो रस्त्यावर येत नाही. स्वतःच्या शेतातून शेणखत आणि ऊस वाहतो. एवढ्या खर्चात दोन बैलजोड्या आल्या असत्या, असं मेव्हणीचं मत आहे, आणि हिशेब मी तपासला आहे. तो बरोबर आहे.

परवाच्या जुलैत मी तिकडेच होतो. रात्री अकराला दार वाजलं. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर एका म्हातारीच्या छातीत दुखत होतं. १०८ ची गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येणार होती. पुढे नुसता चिखल. वस्ती ते डांबरी, मधली सगळी जमीन साडूंचीच. साडूंनी आधी टोपी घातली. पिकअप ओढ्यातून गेला, हौद्यात गादी टाकून म्हातारीला घेऊन आला, आणि डांबरीच्या कडेला येऊन थांबला. चाक डांबराला लागू दिलं नाही. म्हातारी वाचली.

परत आलो तेव्हा साडूंच्या आई पडवीत उभ्या होत्या. इंजिन दुसरं, पत्रा दुसरा, चासी दुसरी, नंबर तर नाहीच. म्हणाल्या, "अण्णांची गाडी आली म्हणून उठले."

नागसेनाला हे कुणी कळवायला हवं. आणि हो, हौद्यात बसून बॅटरी मी धरली होती. 'तिकडे नको, इकडे,' असं त्या रात्री मला एकदाही कुणी म्हणालं नाही.