वहीतला पिंगळा

शहापूर, 8 फेब्रुवारी

चि. पिंट्या,


तुझा निरोप पोचला. पक्षी बघायला सुरुवात करायचीय, तर दुर्बीण कोणती घेऊ, एवढंच विचारलंस. घ्यायचीच तर 8×42 ची घे. जास्त मोठं दाखवणारी घेतलीस तर हात जरा थरथरला की अख्खं झाड नाचायला लागतं. पण पैसे जमेपर्यंत थांबू नकोस. मास्तरकीची पहिली आठ वर्षं मी नुसत्या डोळ्यांनीच पाहत होतो.

मुरबाडला तुमच्या घरामागच्या बांधावर काटेसावर आहे ना? आता ती फुलली असेल. सकाळी ऊन पडायच्या आत तिच्यापासून वीस पावलांवर जाऊन बस. पांढरा शर्ट नको. पहिली दहा मिनिटं काही येणार नाही, कारण तू आलास हे सगळ्यांना कळलेलं असतं. मग कोतवाल येईल. झाडाचा सातबारा आपल्याच नावावर असल्यासारखा तो बुलबुलांना हुसकावतो. साळुंक्या फुलात पार डोळ्यांपर्यंत तोंड खुपसतात आणि कपाळाला परागांची पूड लावून बाहेर निघतात. नशीब असेल तर पळसमैनांचा थवा उतरेल. अंग गुलाबी, डोकं नि पंख काळे, आणि कलकलाट असा की बाजाराचा दिवस वाटावा. पार मध्य आशियाकडून हिवाळ्याला येतात त्या. पंधरा दिवस हे एकच झाड बघ. माळशेजला नंतर जाऊ. पावसाळ्यात तिथे पक्ष्यांपेक्षा गाड्याच जास्त दिसतात.

दुर्बिणीआधी शंभर पानी वही घे. तारीख, वेळ, जागा, आणि मग दिसलं ते. नाव नव्हे, दिसलं ते. चोच कशी, शेपूट हलवतो का, जमिनीवर चालतो की टुणटुण उड्या मारतो. नाव रात्री पुस्तकात शोध. ‘बहुतेक’ लिहायला लाजू नकोस. हल्ली मोबाइल आवाज ऐकून नाव सांगतो. सांगू दे, पण पक्षी डोळ्यांनी बघितल्याशिवाय वहीत चढवू नकोस. आणि त्याच मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावू नकोस. घरट्याच्या दिवसांत तो बिचारा पिल्लं सोडून भांडायला धावतो.

वहीचा एवढा आग्रह का, ते सांगतो. रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे. 1884 मध्ये खानदेशात त्याचा नमुना मिळाला, आणि त्यानंतर तो जणू गायबच झाला. पुढे माइनर्त्झहागेन नावाच्या एका इंग्रज कर्नलाने लंडनच्या संग्रहालयातला जुना नमुना चोरला आणि ‘1914, गुजरात’ अशी खोटी चिठ्ठी लावून आपला म्हणून मिरवला. त्या एका चिठ्ठीपायी लोक भलत्याच जागी शोधत राहिले. पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन बाईंनी ही लबाडी ओळखली, ती नोंद बाजूला ठेवली आणि जुन्या खऱ्या नोंदींच्या मागे गेल्या. 1997 च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ पक्षी समोर बसलेला! मध्ये 113 वर्षं गेली होती.

आणि 2014 मध्ये तो सापडला कुठे, तर आपल्या तानसा अभयारण्यात. तोवर सगळे त्याला सातपुड्याकडचा समजत होते.

ती बातमी वाचून मी माळ्यावरच्या जुन्या वह्या काढल्या. तानसाच्या पानांवर ठिकठिकाणी लिहिलंय: ‘पिंगळा, एक. सागावर.’ एका ठिकाणी तर ‘भर दुपारी उघड्या फांदीवर’. आता बघ, साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं आणि तो दिवसाढवळ्या शिकार करतो. मी नाव लिहिलं, डोकं लिहिलंच नाही. कर्नलाने मुद्दाम खोटं लिहिलं, मी आळसाने अर्धवट. दुपारचा तो पिंगळा कोणता होता, हे आता मला कोण सांगणार?

परीक्षा संपली की एखाद्या शनिवारी मुक्कामालाच ये. तोवर सागाची पानं गळून फांद्या मोकळ्या झालेल्या असतात. पहाटे तानसाकडे निघू. भाकरी मी बांधून घेतो, पाण्याची बाटली तुझी. वही दोघांचीही.

तुझा
तात्याआजोबा